एडवर्ड हाइड नावाची गल्लत: लिहिताना आणि शोधताना या चुका टाळा

मुंबई इंग्रजांना आंदण कशी मिळाली, यावर मराठीत सतत काही ना काही लिहिलं जातं. त्या लिखाणात एडवर्ड हाइड हे नाव आलं की गडबड ठरलेली. हा माणूस इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा लॉर्ड चॅन्सेलर. १६६१ मध्ये राजाच्या लग्नाचा करार झाला आणि त्यात मुंबईचं नाव आलं, तेव्हा कारभाराची सूत्रं त्याच्याच हातात होती. पण हे नाव शोधायला टाकलं की पडद्यावर आधी उभा राहतो काठी उगारलेला मिस्टर हाइड, म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८६ मध्ये आलेल्या डॉ. जेकिल आणि मि. हाइडच्या गोष्टीतला खलनायक. त्याचंही पूर्ण नाव एडवर्ड हाइडच.

मग राजकारण्याच्या माहितीशेजारी सिनेमातलं चित्र लागतं, खलनायकाच्या परिचयात सतराव्या शतकातली जन्मतारीख घुसते, आणि एकदा छापलं गेलं की पुढचे लोक तेच उचलतात. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना तर हे दोघेही भेटतात. एक सतराव्या शतकातल्या गद्यलेखकांत, दुसरा व्हिक्टोरियन कथासाहित्यात. दोघांबद्दलही नीट लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं. त्यातही पहिल्याबद्दल जास्त, कारण त्याच्या आयुष्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो.

नाव कळलं म्हणजे माणूस कळला असं धरू नका

राजकारणी एडवर्ड हाइड १६०९ मध्ये विल्टशरमधल्या डिंटन या गावी जन्मला. पेशानं वकील. १६४० मध्ये पार्लमेंटात गेला, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात पहिल्या चार्ल्स राजाच्या बाजूनं उभा राहिला, आणि ती बाजू हरल्यावर युवराजासोबत, म्हणजे पुढच्या दुसऱ्या चार्ल्ससोबत, बरीच वर्षं परदेशात काढली. १६६० मध्ये राजेशाही परत आली तसे याचेही दिवस पालटले. १६६१ मध्ये त्याला अर्ल ऑफ क्लॅरेंडन ही पदवी मिळाली. १६६७ मध्ये बडतर्फ झाला, पुन्हा फ्रान्समध्ये परागंदा झाला आणि डिसेंबर १६७४ मध्ये रूआँ शहरात वारला.

त्याच्या एका नातवाचं नावही एडवर्ड हाइडच. हा तिसरा अर्ल. पदवी मिळण्याआधी त्याला व्हायकाउंट कॉर्नबरी म्हणत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. तो बायकी पोशाखात वावरायचा अशी एक कथा फार पसरली आहे आणि न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या तैलचित्राला त्याचं नावही चिकटलं आहे. ते चित्र त्याचंच आहे, हे अलीकडच्या इतिहासकारांना मान्य नाही. ही कथा आजोबांच्या खात्यावर तर मुळीच जमा करू नका. त्याच काळात, अमेरिकेच्या त्याच किनाऱ्यावर आणखी एक एडवर्ड हाइड होता, नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर. तो १७१२ मध्ये वारला. तिथली हाइड काउंटी त्याच्या नावाची आहे, अर्ल साहेबांच्या नव्हे.

भारताच्या इतिहासात शोधत असाल तर कलकत्त्याचे जस्टिस हाइड आडवे येतात. ते जॉन हाइड. १७७४ मध्ये स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या न्यायमूर्तींपैकी एक. १७७५ मध्ये नंदकुमारवर खटला चालला तेव्हा ते न्यायासनावर होते. आणि मार्व्हलच्या कॉमिक्समधला मिस्टर हाइड हा वेगळाच गडी. त्या पात्राचं खरं नाव कॅल्व्हिन झाबो असं आहे.

यावर उपाय साधा आहे. नावाला पदवी आणि साल जोडल्याशिवाय वाक्य पुढे नेऊ नका. ‘एडवर्ड हाइड, क्लॅरेंडनचा पहिला अर्ल, १६०९–१६७४’ एवढं पहिल्या उल्लेखात आलं की निम्मी गल्लत तिथेच संपते. पुढे त्याला क्लॅरेंडन म्हणावं. मीही इथून पुढे तेच करणार आहे, आणि ‘हाइड’ हे नाव खलनायकासाठी राखून ठेवणार आहे.

शोधतानाही ‘क्लॅरेंडन’ या नावानं जावं आणि जेकिल हा शब्द वजा करून टाकावा. देवनागरीत शोधत असाल तर हाइड, हाईड, हायड अशी तिन्ही रूपं टाकून बघा. मराठीत हे नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं नाही. मात्र क्लॅरेंडन म्हटलं की सगळे प्रश्न मिटतात असंही नाही. हाइड घराण्यातली ती पदवी अठराव्या शतकात संपली आणि १७७६ मध्ये व्हिलियर्स घराण्याला नव्यानं दिली गेली. त्या नव्या मालिकेतला चौथा अर्ल, जॉर्ज व्हिलियर्स, हा क्रिमियाच्या युद्धाच्या वेळचा परराष्ट्रमंत्री. त्यामुळे ‘लॉर्ड क्लॅरेंडन’ अशा ओळीखाली छायाचित्र दिसलं तर तो माणूस आपला नव्हे, एवढं लगेच ओळखता येतं. क्लॅरेंडनच्या काळात कॅमेरा नव्हता. त्याची जी चित्रं आहेत ती हानेमन आणि लेली यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगवलेली आहेत. ११६४ मधले ‘क्लॅरेंडनचे कायदे’ दिसले तर तेही सोडून द्या. ते दुसऱ्या हेन्री राजाच्या काळातले आहेत आणि क्लॅरेंडन हे तिथल्या राजवाड्याच्या जागेचं नाव आहे.

मुंबई: एका ओळीत चार चुका

‘१६६१ मध्ये पोर्तुगीजांनी मुंबईची सात बेटं इंग्रजांना आंदण दिली आणि ती राजानं १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिली.’ हे वाक्य थोड्याफार फरकानं आपण सगळ्यांनी वाचलं आहे. त्यात क्लॅरेंडनचं नाव घातलं की चुका वाढतात.

१६६१ मध्ये झाला तो करार. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा हिचं चार्ल्सशी लग्न ठरलं. हुंड्यात वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणं), उत्तर आफ्रिकेतलं टँजियर बंदर आणि मुंबई. मुंबईचा उल्लेख कराराच्या अकराव्या कलमात येतो, तोही ‘मुंबईचं बंदर आणि बेट, त्याच्या हक्क-अधिकारांसह’ अशा अर्थाचा. या शब्दांत नेमकं काय काय येतं, यावरून पुढे वर्षानुवर्षं ताणाताणी झाली. इंग्रजांना साष्टी आणि ठाणं हवं होतं. पोर्तुगीज म्हणत, फक्त मुंबईचं बेट. माहीमही सुखासुखी मिळालं नाही. कुलाबा तर आणखी काही वर्षांनी, जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना, कंपनीच्या हातात आलं. तेव्हा ‘सात बेटं आंदण’ हे लिहायचं सोडून द्या.

लग्न १६६२ मध्ये पोर्ट्समथला लागलं. त्याच वर्षी इंग्रजी आरमार मुंबईचा नियोजित गव्हर्नर अब्राहम शिपमन आणि त्याच्या शिपायांना घेऊन मुंबईच्या बंदरात आलं, आणि पोर्तुगीजांनी बेट द्यायला साफ नकार दिला. आरमार निघून गेलं. शिपमनच्या तुकडीला थारा मिळाला तो कारवारजवळच्या, आज गोव्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावर. तिथे रोगराईनं बहुतेक शिपाई दगावले. १६६४ मध्ये शिपमनही गेला. उरलेल्यांना घेऊन त्याचा चिटणीस हम्फ्री कुक यानं फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला. लग्नाच्या मांडवातून मुंबई इंग्रजांच्या हातात जायला अशी जवळजवळ तीन वर्षं लागली, आणि त्यांची किंमत अंजदीववरच्या त्या गुमनाम शिपायांनी मोजली. मराठीत या भागावर फार कमी लिहिलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कंपनीला मुंबई दिल्याची सनद आहे २७ मार्च १६६८ ची, भाडं वर्षाला १० पौंड. प्रत्यक्ष ताबा सप्टेंबर १६६८ मध्ये गेला. क्लॅरेंडनची बडतर्फी ऑगस्ट १६६७ मधली, म्हणजे सनदेच्या आधी सात महिने. नोव्हेंबरमध्ये तो देश सोडून पळाला होता. ‘क्लॅरेंडननं मुंबई कंपनीला भाड्यानं दिली’ असं कुठे दिसलं तर ते खोडायला एवढ्या तारखा पुरेत.

आता ब्राझीलची गोष्ट. क्लॅरेंडनच्या आत्मचरित्रात या हुंड्याचा तपशील येतो. तिथे मुंबई बेट, त्यावरची गावं आणि किल्ले ब्राझीलपासून अगदी थोड्या अंतरावर असल्याचं लिहिलेलं आहे. हे खरं आहे. मुंबईच्या इतिहासावरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांतही ते वाक्य उद्धृत केलेलं आढळतं. चूक होते ती ते सांगण्याच्या पद्धतीत. ‘करार करताना इंग्रजांना मुंबई कुठे आहे हेच माहीत नव्हतं’ असा त्यातून निष्कर्ष काढला जातो. ते आत्मचरित्र क्लॅरेंडननं वनवासात, फ्रान्समध्ये बसून, कराराला बरीच वर्षं होऊन गेल्यावर लिहिलं. दरबाराचे कागद हाताशी नव्हते. एका म्हाताऱ्या मंत्र्याच्या आठवणीतली चूक ही सगळ्या इंग्लंडच्या अज्ञानाचा पुरावा होत नाही. कंपनीचे लोक सुरतेला १६१० च्या दशकापासून व्यापार करत होते. मुंबईचं बंदर कसं आहे हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

तारखा: दहा दिवस आणि एक वर्ष

क्लॅरेंडनचा जन्म कुठे १६०८ चा दिसतो, कुठे १६०९ चा. दोन्ही छापील, दोन्ही विश्वासार्ह पुस्तकांत. इथे गोंधळून जाऊन एकाला चूक ठरवायचं कारण नाही.

त्या काळी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्याचा जन्म १८ फेब्रुवारीचा. तिथल्या नोंदवहीत ते साल १६०८ च. आपल्या हिशेबानं जानेवारीतच नवं वर्ष लागलेलं, म्हणून १६०९. मुंबईचा ताबा फेब्रुवारीत झाला, त्यामुळे इंग्रजी कागदांत तोही १६६४ चा दिसू शकतो. सनदेची २७ मार्च ही तारीख मात्र नववर्षाच्या दोनच दिवस पुढची आहे, म्हणून तिथे १६६८ कुठल्याही हिशेबानं बरोबर. जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यातली कुठलीही इंग्रजी तारीख आली की जरा थांबा आणि साल तपासा.

दुसरा फरक दहा दिवसांचा. पोर्तुगाल आणि फ्रान्स ग्रेगोरियन पद्धत वापरत होते, इंग्लंड ज्युलियन. म्हणून एकाच घटनेच्या पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांत दहा दिवसांचं अंतर पडतं. ताब्याच्या दस्तऐवजावरची १८ फेब्रुवारी १६६५ ही तारीख इंग्रजी हिशेबानं ८ फेब्रुवारी होते. मराठी वाचकाला हे काही नवीन नाही. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियनच आहे. मुंबईहून रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन त्याच पद्धतीनं नोंदी करत होता. योगायोग असा की क्लॅरेंडनही त्याच वर्षाच्या शेवटी वारला. लिहिताना एकच पद्धत धरावी, आणि कोणती धरली ते एका ओळीत सांगून टाकावं.

पदांची सरमिसळ

‘ब्रिटिश पंतप्रधान एडवर्ड हाइड’ हे लिहू नका. पंतप्रधान म्हणावं असं पद तेव्हा नव्हतं. त्या अर्थानं पहिलं नाव घेतात ते रॉबर्ट वॉलपोलचं, १७२१ पासून. ‘ब्रिटिश’ही नको, कारण इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची राज्यं १७०७ मध्ये एक झाली. तो इंग्रज राजकारणी, राजाचा मुख्य मंत्री, एवढं पुरेसं आहे.

चॅन्सेलर या शब्दावर मात्र नीट लक्ष द्यायला हवं. यादवी युद्धाच्या काळात, १६४३ पासून, तो राजाच्या खजिन्याचा चॅन्सेलर होता. १६५८ मध्ये, राजा अजून परदेशातच असताना, तो लॉर्ड चॅन्सेलर झाला. हे तेव्हाचं न्यायव्यवस्थेतलं सर्वोच्च पद, राजमुद्रा सांभाळणाऱ्याचं. १६६० पासून तो ऑक्सफर्ड विद्यापीठाचाही चॅन्सेलर होता, म्हणजे आपण म्हणतो तसा कुलपती. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुठल्या साली कुठलं पद, हे लिहिलं नाही तर मात्र वाक्य खोटं पडतं.

घरच्यांच्या बाबतीतही असंच. त्याची मुलगी ॲन हाइड हिनं राजाच्या धाकट्या भावाशी, यॉर्कच्या ड्यूक जेम्सशी, १६६० मध्ये गुपचूप लग्न केलं. ते कळल्यावर बाप संतापानं वेडापिसा झाला. ही ॲन राणी झाली नाही. ती १६७१ मध्ये वारली आणि जेम्स गादीवर आला १६८५ मध्ये. राणी झाल्या त्या तिच्या मुली, दुसरी मेरी आणि ॲन. म्हणजे ‘राणी ॲन’ ही क्लॅरेंडनची नात, मुलगी नव्हे. आई आणि मुलगी यांची नावं एकच असल्यानं ही चूक फार सहज होते.

नावाला चिकटलेल्या वस्तू

लंडनचं हाइड पार्क क्लॅरेंडनच्या नावानं आहे, हा निव्वळ बादरायण संबंध. हाइड नावाची ती जमीन वेस्टमिन्स्टर ॲबीची होती आणि आठव्या हेन्रीनं ती १५३६ मध्ये घेतली. तेव्हा क्लॅरेंडनचा जन्म व्हायला सत्तरहून जास्त वर्षं होती.

‘क्लॅरेंडन संहिता’ हा जास्त गंभीर प्रकार आहे. १६६१ ते १६६५ या काळातले चार कायदे: नगरपालिकांतली पदं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, पंथीयांपुरती ठेवणारा, एकच प्रार्थनापद्धती सक्तीची करणारा, वेगळ्या पंथांच्या सभांवर बंदी घालणारा, आणि पदच्युत धर्मगुरूंना जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत येऊ न देणारा. चौघांना मिळून त्याचं नाव दिलं गेलं आणि परीक्षेच्या नोट्समध्ये तोच त्यांचा कर्ता ठरला. प्रत्यक्षात हे कायदे रेटले ते सूडाला पेटलेल्या पार्लमेंटनं. राजा परतण्याआधी, एप्रिल १६६० मध्ये, नेदरलँड्समधल्या ब्रेडाहून जो जाहीरनामा निघाला तो क्लॅरेंडनच्या हाताखालून गेला होता, आणि त्यात ज्याच्या त्याच्या श्रद्धेला मोकळीक देण्याचं आश्वासन होतं. पुढे त्यानं हे कायदे अमलात आणले हेही खरं. म्हणून त्याला निर्दोष ठरवू नका, पण कर्ताकरविताही म्हणू नका.

खापर फोडायला सोयीचा माणूस ही त्याची ओळख त्याच्या हयातीतच झाली होती. जून १६६७ मध्ये डच आरमारानं मेडवे नदीत घुसून इंग्रजी जहाजं जाळली. लंडनकर खवळले आणि पिकॅडिलीतल्या त्याच्या नव्याकोऱ्या वाड्यावर चालून गेले. खिडक्या फोडल्या, समोरची झाडं तोडली, आणि फाटकावर फासाचं चित्र काढून खाली लिहिलं की तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत: डंकर्क, टँजियर आणि वांझ राणी. सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत ही नोंद आहे. डंकर्क १६६२ मध्ये फ्रान्सला विकलं त्याचा राग, टँजियरवर होणाऱ्या खर्चाचा राग, आणि कॅथरीनला मूल नाही त्याचाही राग त्याच्यावरच, कारण लग्न त्यानं जुळवलं असं लोक धरून चालले होते. या तिन्हींतल्या दोन गोष्टी मुंबईच्याच करारातून आलेल्या. मुंबईचं नाव मात्र फाटकावर नाही. शिव्या द्याव्यात इतकीही ती तेव्हा लंडनकरांच्या खिजगणतीत नव्हती. हे वाचताना मी दर वेळी थबकतो.

खलनायक हाइडबद्दलच्या चुका

इथे मुख्य चूक सिनेमानं केली. पडद्यावरचा हाइड बहुतेक वेळा धिप्पाड, केसाळ, माकडासारखा. मूळ गोष्टीत डॉ. जेकिल औषध घेऊन हाइड बनतो, आणि तो हाइड जेकिलहून बुटका आहे, किरकोळ आहे, वयानं तरुण दिसतो. जेकिलचे कपडे त्याच्या अंगावर लोंबतात. कारणही गोष्टीतच दिलं आहे: जेकिलच्या आयुष्यात दुष्ट बाजूला फारसा वाव मिळालेला नाही, म्हणून ती खुरटलेली राहिली. हा तपशील चुकवला तर लेखकाचा विचारच हातातून निसटतो.

तशीच दुसरी चूक, ‘जेकिल म्हणजे चांगुलपणा, हाइड म्हणजे दुष्टपणा’. जेकिल स्वतःच्या निवेदनात साफ सांगतो की हाइड पूर्ण दुष्ट झाला, पण आपण मात्र पहिल्यासारखेच सरमिसळ राहिलो. औषधानं सज्जन असा वेगळा माणूस निर्माणच झाला नाही. परीक्षेत हे एक वाक्य लिहिलं तरी उत्तराला वजन येतं.

वर्तमानपत्रं ‘जेकिल अँड हाइड’ हे मानसिक आजारासाठी सर्रास वापरतात. कृपा करून हे थांबवा. गोष्टीत दोघांची स्मरणशक्ती एकच आहे. हाइडनं काय केलं हे जेकिलला पक्कं आठवतं. आपण कुठल्या रात्री बाहेर पडणार हे तो स्वतः ठरवतो, हाइडसाठी सोहोमध्ये घर घेतो, त्याच्या नावानं मृत्युपत्र करतो. ही ढोंगाची आणि चटकेची कहाणी आहे. स्किझोफ्रेनियाशी झगडणाऱ्या माणसावर ते नाव लादणं चूक आहे आणि क्रूरही.

गोष्ट नीट वाचलेल्याला ओळखायची माझी एक खूण आहे. वकील अटरसनचा कारकून गेस्ट याला हस्ताक्षरं वाचायचा नाद. हाइडचं पत्र त्याच्यापुढे असताना योगायोगानं जेकिलची जेवणाच्या निमंत्रणाची चिठ्ठी येते. गेस्ट दोन्ही कागद शेजारी ठेवतो, नजर फिरवतो आणि सांगतो की दोन्ही हातांत विलक्षण साम्य आहे, फक्त अक्षरांचा कल वेगळा आहे. गुपित इथेच फुटायला लागतं, पण अटरसन भलताच अर्थ काढतो: जेकिलनं खुनी हाइडसाठी खोटं पत्र लिहिलं! रहस्य शेवटपर्यंत झाकलेलं राहावं म्हणून लेखकानं घेतलेली ही मेहनत आजच्या वाचकाला दिसत नाही, कारण दोघे एकच हे त्याला आधीच माहीत असतं. परिचय लिहिताना निदान हे सांगा की १८८६ च्या वाचकाला ते शेवटच्या प्रकरणांपर्यंत माहीत नव्हतं.

बारीकसारीक: स्टीव्हन्सन स्कॉटिश, इंग्रज नव्हे. गोष्ट लंडनमध्ये घडते. कथेतलं साल मुद्दाम अर्धवट ठेवलेलं आहे, म्हणून ‘१८८६ मध्ये घडणारी कथा’ असं लिहू नका.

आणि हो, स्टीव्हन्सननं हे नाव क्लॅरेंडनवरून उचललं असं ठोकून देऊ नका. दोघांची नावं सारखी आहेत, एवढंच पुराव्यानं म्हणता येतं. क्लॅरेंडनची कारकीर्द ‘दुहेरी’ होती, आधी राजाचा टीकाकार आणि मग समर्थक, असं सांगून त्याला हाइडशी जोडायचा मोह होतो. १६४० मध्ये त्यानं राजाच्या बेकायदा करांविरुद्ध आवाज उठवला हे खरं. दोन वर्षांत तो राजाकडे गेला, हेही खरं. पण त्याचा हट्ट दोन्ही वेळा एकच होता, कायद्याची चौकट. आधी ती राजा मोडत होता, नंतर पार्लमेंट मोडू लागलं.

त्याचंच लिखाण उद्धृत करताना

क्लॅरेंडन मोठा गद्यलेखक होता आणि यादवी युद्धावरचा त्याचा ‘बंडाचा इतिहास’ हा ग्रंथ आजही वाचला जातो. मरणोत्तर, १७०२ ते १७०४ या काळात तो छापला गेला आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून ऑक्सफर्डची क्लॅरेंडन इमारत उभी राहिली. पण तो सलग एका बैठकीत लिहिलेला ग्रंथ नाही. पहिला भाग १६४६ मध्ये सिली बेटांवर सुरू झाला आणि जर्सी बेटावर पुढे गेला, घटना ताज्या असताना. वीसेक वर्षांनी फ्रान्समध्ये त्यानं आत्मचरित्र लिहायला घेतलं, ते बरंचसं आठवणीवर. मग दोन्ही एकमेकांत विणले. त्यामुळे एकाच ग्रंथात एक पान साक्षीदाराचं असतं आणि पुढचं पान जुन्या जखमा कुरवाळणाऱ्या म्हाताऱ्याचं. उतारा घेताना तो कुठल्या थरातला आहे हे शोधावं. चांगल्या संपादित आवृत्त्यांत ते दाखवलेलं असतं.

मुंबई ब्राझीलजवळ असल्याचं वाक्य या इतिहासात शोधत बसू नका. ते आत्मचरित्रातलं आहे आणि आत्मचरित्र १७५९ मध्ये वेगळं छापलं गेलं. त्यामुळे वाक्य देताना ‘क्लॅरेंडन, आत्मचरित्र, वनवासात लिहिलेलं, प्रसिद्धी १७५९’ एवढा तपशील शेजारी द्यावा.